सायकॉलॉजिस्ट व्हायचं की सायकियाट्रिस्ट? आंब्याच्या पेटीतले प्रश्न

बारावीचे निकाल लागले की लांजा, राजापूर, देवगड, कणकवली पट्ट्यात करिअर मेळावे सुरू होतात. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणून मलाही बोलावतात. आमचा विषय निघाला की सगळा वर्ग खाली बघायला लागतो. हात वर करून विचारायचं म्हणजे 'हिच्या घरात कोणाला तरी आहे वाटतं' ही शंका आलीच. एका वर्षी कॉलेजच्या शिपाईमामांनी आंब्याची रिकामी पेटी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चिठ्ठ्या टाका, नाव नको." अर्ध्या तासात पेटीचा तळ दिसेनासा झाला.

तेव्हापासून पेटी माझ्याबरोबर फिरते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या चिठ्ठ्या आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. प्रश्नांची भाषा चिठ्ठ्यांतलीच ठेवली आहे.

मॅडम, सायकॉलॉजिस्ट आणि सायकियाट्रिस्ट एकच ना?

नाही. सायकियाट्रिस्ट आधी एमबीबीएस होतो, मग मनाच्या आजारांत एमडी करतो. तो शरीर तपासतो, रक्त तपासायला सांगतो, औषधं लिहितो, पेशंटला दाखल करून घेतो. सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकलेला असतो. तो मानसिक चाचण्या घेतो आणि शास्त्रशुद्ध पद्धतीने बोलून उपचार करतो. औषध लिहीत नाही.

परीक्षेत दोन मार्कांना एवढं पुरेल. करिअर ठरवायला पुरणार नाही.

मग 'मानसोपचारतज्ज्ञ' म्हणजे दोघांपैकी कोण?

इथे मराठीने जरा घोळ घातलाय. वर्तमानपत्रं 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द दोघांनाही लावतात. डॉक्टर मंडळी स्वतःला बहुधा 'मनोविकारतज्ज्ञ' म्हणवतात, 'मनोचिकित्सक' म्हणूनही लिहितात. सायकॉलॉजिस्ट म्हणजे 'मानसशास्त्रज्ञ', पण हा शब्द ऐकला की लोकांना प्रयोगशाळेतला माणूस डोळ्यांसमोर येतो. 'समुपदेशक' हा तिसराच, त्याच्याकडे पुढे येते.

म्हणून शब्दावर जाऊ नका, पाटीवरची पदवी वाचा. एमडी सायकियाट्री, डीएनबी सायकियाट्री किंवा डीपीएम असेल तर तो डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो विचारायला लाजू नका. मला कोणी विचारला तर मला बरंच वाटतं. आणि हो, नावाआधी 'डॉ.' दिसलं म्हणजे औषधवाला डॉक्टर असं नव्हे. मानसशास्त्रात पीएचडी केलेलाही 'डॉ.' लावतो.

एकाच पेशंटने दोघांकडे जायचं कशाला? पैसे काढायचे धंदे.

ही चिठ्ठी कोणा पालकाची असावी. अक्षर पिकलेलं होतं. याचं उत्तर एका गोष्टीनेच देते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन माणसांचे तपशील एकत्र केले आहेत.

जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. देवगडकडचे एक बागायतदार, वय पंचावन्नच्या आसपास, बायको आणि मेहुण्याबरोबर आले. बसायच्या आधीच म्हणाले, "माका काय येड लागूक नाय हां. आधी हेंका तपासा." त्यांची बायको पदराने तोंड पुसत एवढंच म्हणाली, "बाई, दोन हजार पेटयो सांगल्यानी."

कोकणाबाहेरच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. बागायतदार आहे, पेट्या घेणारच. पण जुलैत? मोहराचा पत्ता नाही, फवारण्या व्हायच्या आहेत, आणि हे दोन हजार पेट्यांची आगाऊ रक्कम देऊन मोकळे. वर सोसायटीचं कर्ज. तीन तास झोप आणि तरीही थकवा नाही. बोलता बोलता पेट्यांवरून दुबई, दुबईवरून किनाऱ्यावर हॉटेल, तिथून गावच्या राजकारणात. मध्ये श्वास घ्यायलाही थांबेनात.

माझं काम त्या पन्नास मिनिटांत काय होतं? सगळा इतिहास काढणं. वीस वर्षांपूर्वी असंच महिनाभर झालं होतं आणि 'देवाचं काहीतरी' म्हणून निभावलं होतं, हे मेहुण्याकडून कळलं. मधल्या काळात दोन वर्षं गप्प गप्प, अंथरुणातून उठायचे नाहीत, हे त्यांच्या बायकोकडून. मनाची तपासणी करायची एक पद्धत असते, ती केली. आणि कळलं की ही बोलायची वेळ नाही. या अवस्थेत माणसाला समजावणं म्हणजे भरतीच्या लाटेला थांब म्हणणं. त्याच दिवशी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं.

त्यांनी थायरॉईड पाहिलं, दारूचं विचारलं, दुसऱ्या कुठल्या आजारासाठी स्टिरॉइड चालू आहे का ते तपासलं, कारण या गोष्टींनीही माणूस असा उधळू शकतो. निदान झालं बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार. औषधांत लिथियम आलं. लिथियम हे साधं क्षार आहे, १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने त्याचा उन्मादावरचा उपयोग दाखवला. गुणाचं आहे, पण मात्रा आणि विष यांत अंतर फार थोडं. रक्तातली पातळी मोजत राहावी लागते, किडनी आणि थायरॉईडवर लक्ष ठेवावं लागतं. मे महिन्यात बागेत घाम गाळून पाणी कमी प्यायलात तरी पातळी चढते. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी गोळी परस्पर घेतली तरी चढते. हे सगळं डोक्यात ठेवून गोळी लिहायची, तर शरीराचा अभ्यास झालेला माणूसच पाहिजे. सायकियाट्रिस्टला साडेपाच वर्षं एमबीबीएस का करावं लागतं, ते इथे दिसतं.

सहा आठवड्यांनी ते परत माझ्याकडे आले. आता मान खाली. पेट्यांचं काय करायचं, लोकांना तोंड कसं दाखवायचं, बायकोशी जे बोललो ते परत कसं घ्यायचं. माझं खरं काम तेव्हा सुरू झालं. चार-पाच बैठकांनंतर घरच्यांनी मिळून कालनिर्णयाच्या पानामागे धोक्याच्या खुणा लिहिल्या. पहिली खूण त्यांच्या बायकोने सांगितली: "रात्री दोनाक उठान कलमांत गेले, तर डॉक्टराक फोन."

गोळ्यांशिवाय ते बोलण्याच्या अवस्थेत आलेच नसते. आणि तो कागद भिंतीवर लागला नसता तर बरं वाटल्यावर त्यांनी गोळ्या सोडल्या असत्या. बहुतेक जण सोडतात.

सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहूच शकत नाही का? अमेरिकेत लिहितात म्हणे.

अमेरिकेत न्यू मेक्सिको आणि लुइझियानासारख्या मोजक्या राज्यांत जास्तीचं प्रशिक्षण घेतलेल्या सायकॉलॉजिस्टना परवानगी आहे. भारतात नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातलं कलम १०६ सरळ सांगतं की आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचं औषध किंवा उपचार कोणी सुचवायचा नाही.

एक बारीक गोष्ट: याच कायद्यातल्या मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत आयुर्वेदातले मनोविज्ञान व मानसरोग विषयाचे पदव्युत्तर आणि होमिओपॅथीतले सायकियाट्रीचे एमडीही येतात. पण ते आपापल्या पॅथीचं औषध देतात. बीएएमएस करून 'पुढे सायकियाट्रिस्ट होईन' असं कोणी सांगत असेल तर त्याच्या डोक्यात गल्लत आहे.

सायकियाट्रिस्ट व्हायला नेमकं काय काय करावं लागतं?

बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी. ७२० मार्कांची नीट. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट-पीजी आणि तीन वर्षं एमडी किंवा डीएनबी. एकही गॅप न पडता साडेआठ वर्षं. पीजीच्या तयारीत एखादं वर्ष जातंच, आणि सरकारी कॉलेजात शिकलात तर बाँडची सेवाही आहे.

पूर्वी एमबीबीएस म्हणजे मुंबई-पुणे-मिरज-कोल्हापूर असायचं. आता अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, डेरवणला वालावलकरांचं खासगी कॉलेज आहेच. एमबीबीएसपुरतं तरी घाट चढायची गरज राहिलेली नाही.

इंटर्नशिपमध्ये मानसोपचार विभागात दोन आठवडे काढावे लागतात. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांचं सर्जरी करायचं नक्की होतं, ते या दोन आठवड्यांत फिरलं. उलटही होतं. लहानपणापासून सायकियाट्रिस्ट व्हायचं म्हणणारी मुलगी ओपीडीतली गर्दी बघून त्वचारोगाकडे वळली. यात कमीपणा काही नाही.

आणि सायकॉलॉजिस्ट? ते सोपं ना?

पेटीतला सगळ्यात जास्त वेळा आलेला गैरसमज हाच. आतापर्यंतचा हिशेब बघा. बीए किंवा बीएस्सी तीन वर्षं, एमए दोन वर्षं, त्यानंतर आरसीआयची मान्यता असलेलं दोन वर्षांचं एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी. सात वर्षं. साडेआठ आणि सात यांत फरक दीड वर्षाचा.

नुसतं एमए सायकॉलॉजी झालात म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालात असं नाही. हॉस्पिटलात, वरिष्ठांच्या नजरेखाली, पेशंट बघत काढलेली वर्षं लागतात. एम.फिल.च्या जागा फार थोड्या असतात. मी तीनदा प्रवेशपरीक्षा दिली. दुसऱ्यांदा आठव्या नंबरवर राहिले, जागा सहा होत्या.

सध्या या वाटेची डागडुजी चालू आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एम.फिल. ही पदवीच बंद केली, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क यांना २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती. त्या जागी आरसीआयने चार वर्षांची बीएस्सी ऑनर्स क्लिनिकल सायकॉलॉजी आणि दोन वर्षांची एमए क्लिनिकल सायकॉलॉजी असे अभ्यासक्रम आणले आहेत, सायडी, म्हणजे डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी, ही त्यावरची पदवी आहे. तेव्हा प्रवेश घेण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजचं नाव, तो कोर्स आणि ते वर्ष, तिन्ही शोधा. कॉलेजवाल्यांच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

नीटला कमी पडले, आता सायकॉलॉजी घेऊ का?

थांबा. याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय.

दरवर्षी जूनमध्ये एक बाबा आणि एक मुलगी येतात. बाबा म्हणतात, "डॉक्टर नाही तर नाही, निदान मनाची डॉक्टर होऊ दे." मुलगी काहीच बोलत नाही. नीटमधून गळालेल्यांची टोपली म्हणून मानसशास्त्राकडे बघणं दोन्हीकडून वाईट. त्या मुलीला पुढची सात वर्षं आपण हरून इथे आलोय असं वाटत राहतं, आणि या विषयाला नको असलेली माणसं मिळतात. मानसशास्त्रात आकडेशास्त्र आहे, संशोधनपद्धती आहे, मेंदूची रचना आहे. 'मला लोकांशी बोलायला आवडतं' एवढ्यावर पहिलं सेमिस्टरही निघत नाही.

मी विचारते ते एवढंच: समोरच्या माणसाला बरं वाटत नसेल तर तुला आधी काय जाणून घ्यावंसं वाटतं, त्याच्या शरीरात काय चाललंय, की त्याच्या घरात आणि डोक्यात काय चाललंय? पहिलं असेल तर नीट पुन्हा द्या, एक वर्ष जाऊ दे. दुसरं असेल तर नीटला साडेसहाशे पडले असते तरी मी सायकॉलॉजीच सांगितलं असतं. बाबांना हे पटत नाही. चहा घेऊन जातात.

आर्ट्स घेतलंय. चालेल? आणि घरी बसून बाहेरून एमए करता येईल का?

आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, कशातूनही मानसशास्त्रात बीए करता येतं. उलट आर्ट्सला अकरावी-बारावीत मानसशास्त्र हा विषय घेता येतो, तो जवळच्या कॉलेजात असेल तर घेऊन बघा.

बाहेरून करण्याचं मात्र बदललंय. वेंगुर्ल्याहून, मंडणगडहून मुली हेच विचारतात, कारण रोज एसटीने जाऊन एमए करणं परवडत नाही, हे मला कळतं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीने मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी जोडलेले अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. त्याआधी प्रवेश घेतलेल्यांचा प्रश्न वेगळा. नव्याने कोणी 'घरबसल्या एमए सायकॉलॉजी' विकत असेल तर पैसे भरू नका.

मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यात उपयोजित मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. आपले जिल्हे त्याच विद्यापीठाखाली येतात.

सहा महिन्यांचा काउन्सेलिंग डिप्लोमा केला तर?

काय करायचंय त्यावर आहे. शाळेत मुलांशी बोलायचं, अभ्यासाचा ताण, घरातली भांडणं ऐकून योग्य ठिकाणी पाठवायचं, यासाठी समुपदेशक लागतात, आणि आता जास्तच लागणार. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असे निर्देश दिले. आपल्याकडच्या किती हायस्कुलांत शंभरावर मुलं आहेत ते मोजा.

गोव्यात तर आणखी वेगळा प्रयोग झालाय. संगत ही संस्था तिथे १९९६ पासून आहे, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या पेशंटशी काम करायला लावलं, आणि सरकारी केंद्रांतल्या पेशंटना त्याचा गुण आला. पण त्यांच्यामागे सायकियाट्रिस्ट होता, देखरेख होती, अडलं तर विचारायची सोय होती.

डिप्लोमा घेऊन एकट्याने पाटी लावणं मात्र धोक्याचं. माझ्याकडे एक मुलगी आली होती. चाळीस हजार भरून एका खासगी वर्गात सहा महिन्यांचा कोर्स केला, प्रमाणपत्रावर चक्क 'सायकोथेरपिस्ट' छापलेलं. पहिलाच पेशंट आत्महत्येचं बोलला आणि हिला दोन रात्री झोप नाही. तिची चूक नव्हती. असं कोणी समोर बसलं तर काय करायचं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

सायकॉलॉजिस्ट नुसतं बोलतो. बोलून काय होतं?

बोलण्याचे प्रकार असतात. कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे चुकीच्या विचारांवर काम करायची पद्धत, काढणारे आरॉन बेक हे सायकियाट्रिस्ट होते, तर आरईबीटी ही विवेकनिष्ठ पद्धत काढणारे आल्बर्ट एलिस सायकॉलॉजिस्ट. म्हणजे बोलण्याचा मक्ता आमच्याकडेच आहे असंही नाही. एलिस यांची ही पद्धत मराठी माणसाला माहीत झाली ती कि. मो. फडके यांच्यामुळे.

प्रत्यक्षात कसं दिसतं? चिपळूणकडची बारावीतली मुलगी, एसटीत गर्दी झाली की छातीत धडधड, आता मरणार असं वाटायचं. आम्ही आधी धडधडीचं शास्त्र समजून घेतलं. मग माझ्या खोलीतच जागेवर उड्या मारून मुद्दाम धडधड आणली आणि ती आपोआप उतरते हे तिने स्वतः घड्याळ लावून पाहिलं. मग रिकाम्या एसटीत दोन थांबे, नंतर भरलेल्या. अकराव्या बैठकीला ती सकाळच्या कॉलेजच्या गाडीत दरवाज्याजवळ लटकून आली, तेव्हा मात्र मीच ओरडले.

गोळी नाही लागली. काहींना लागते. ठरवण्याआधी तिचा थायरॉईड तपासून घेतला होता, आणि ही सवय मला एका चुकीने लागली. सुरुवातीच्या काळात एका बाईंची मरगळ मी सहा बैठका नैराश्य म्हणून हाताळत राहिले. सातव्या वेळी त्या गावच्या डॉक्टरांनी केलेला रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या. थायरॉईड पार मंदावलेलं. त्या काही बोलल्या नाहीत, रिपोर्ट टेबलावर ठेवला फक्त.

चाचण्या म्हणजे शाईचे डाग दाखवतात ते का?

ते रोर्शाख, दहा कार्डं. तेही आहे. पण आमच्याकडे रोजचं काम वेगळं असतं: मूल वाचनात मागे का आहे, बुद्ध्यांक किती, आजोबांची विसरभोळेपणाची पातळी काय. बुद्धिमापनाची बिने-कामत चाचणी तर आपल्याच माणसाची. व्ही. व्ही. कामत यांनी परदेशी चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतून घेतली. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमता ठरवताना सायकॉलॉजिस्टची चाचणी लागते, शिक्का वैद्यकीय मंडळाचा. चाचणी घ्यायला दोन तास आणि अहवाल लिहायला तीन. हे कोणी आधी सांगत नाही.

रत्नागिरीच्या वेड्यांच्या हॉस्पिटलात काम करावं लागेल का? भीती वाटते.

त्याचं नाव प्रादेशिक मनोरुग्णालय. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं राज्यात आहेत, त्यांत आपलं सगळ्यात लहान. 'तुला रत्नागिरीला पाठवू का' ही धमकी आमच्या पिढीने लहानपणी ऐकलेली आहे, त्यामुळे भीती कुठून येते ते मला माहीत आहे.

काम करावंच लागेल असं नाही. पण शिकायला असं ठिकाण मिळालं तर सोडू नका. बाहेर आम्हाला आजार सुरुवातीला किंवा मध्ये भेटतो, तिथे त्याचा सगळा प्रवास दिसतो. आणि साखळ्यांचं म्हणाल, तर पेशंटला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधून ठेवायला, किंवा भूल न देता विजेचे उपचार करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. साखळ्या मी पाहिल्या त्या वाडीत, एका घराच्या मागच्या पडवीत.

रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवायचं काम बघायचं असेल तर रायगड जिल्ह्यात कर्जतला श्रद्धा पुनर्वसन संस्था आहे. तिचे डॉ. भरत वाटवानी सायकियाट्रिस्ट, २०१८ चे मॅगसेसे मानकरी.

कोकणात पोट भरेल का? खरं सांगा.

सायकियाट्रिस्टचं भरेल, लवकर भरेल. डॉक्टर कमी, पेशंट लांबलांबून येतात, आणि यंत्रसामग्रीचा खर्च जवळजवळ नाही. टेबल, खुर्च्या, रक्तदाबाचं यंत्र. एका दिवसात तीस-चाळीस जण तपासून होतात.

सायकॉलॉजिस्टचं गणित वेगळं. एक बैठक पन्नास मिनिटांची. दिवसाला पाच, फार तर सहा. सातव्याला आपलं लक्ष उडालेलं असतं आणि त्याला ते कळतं. म्हणजे कमाईला वरची मर्यादा दिवसच घालतो. शिवाय इथे माणूस औषधाचे पैसे देतो, बोलण्याचे द्यायला कचरतो. "एवढा वेळ बसलो तर चिठ्ठी तरी द्या," असं मला सांगितलेलं आहे. पहिली चार-पाच वर्षं बहुतेक जण दोन-तीन ठिकाणी मिळून करतात: एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आठवड्यातले दोन दिवस, शाळा, व्यसनमुक्ती केंद्र, थोडं ऑनलाइन. सरकारी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात दोघांच्याही जागा असतात, भरतात कधी हा वेगळा विषय.

धंद्यालाही इथे हंगाम आहे. गणपतीत दवाखाना ओस, चाकरमानी परत गेले की आठवडाभर रांग. ज्यांची मुलं परत गेली ते म्हातारे. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बंदरावरच्या बायका नवऱ्यांच्या दारूचं घेऊन येतात.

लोक आधी भगताकडे जातात. तुमच्याकडे कोण येणार?

येतात, भगताकडून येतात. कौल लावून झालेला असतो, गाऱ्हाणं घालून झालेलं असतं, कोंबडा गेलेला असतो. मी कधी म्हणत नाही की ते बंद करा. देवळात जा आणि गोळीही घ्या. एका गावच्या पुजाऱ्यांनी तर आता पाठवायला सुरुवात केलीय, "देवाने डॉक्टराकडे जाऊक सांगितल्यान" म्हणून. असा संदर्भ मला कुठल्या एमडीकडूनही मिळालेला नाही. मारझोड, उपाशी ठेवणं, चटके असं काही चाललं असेल तर मात्र गप्प बसायचं नाही.

या कामात बोलीचा उपयोग किती होतो ते कॉलेजात शिकवत नाहीत. 'उदास वाटतं का?' याला आमच्याकडे 'नाही' असंच उत्तर येतं. 'जीव लागना नाय', 'हातपाय गळले', 'काळजात कालवाकालव' हे येतं. मुंबईत शिकून आलेल्या हुशार मुलीला हे उमगायला वर्ष जातं. तुम्हाला ते आईच्या मांडीवर मिळालंय.

मुलीचं लग्न जमेल का? 'वेड्यांची डॉक्टर' म्हणतील.

म्हणतील. माझं जमलं. सासूबाई शेजारणींना 'शिक्षिका आहे' सांगायच्या. तीन वर्षांनी त्यांचीच मैत्रीण पेशंट म्हणून आली.

सायकियाट्रिक सोशल वर्कर, नर्स असंही काही असतं का?

असतं, आणि त्यांच्याशिवाय गाडी चालत नाही. बीएस्सी नर्सिंगनंतर मनोविकार परिचर्येत पुढचं शिक्षण आहे. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, घेऊन मनोसामाजिक कामात जाता येतं. पेशंटचं घर, नोकरी, रेशनकार्ड, पेन्शन हे सोशल वर्कर बघतो. दोन्ही वाटांचा कोणी विचारच करत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मॅडम ही चिठ्ठी करिअरची नाही. मला तीन महिने झोप नाही. आधी कोणाकडे जाऊ?

अशी एखादी चिठ्ठी प्रत्येक मेळाव्यात निघते. ती मी मोठ्याने वाचत नाही, पण उत्तर सगळ्यांसमोर देते.

झोप आणि भूक पार गेली असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, मरण्याचे विचार येत असतील, तर आधी सायकियाट्रिस्ट. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. सिंधुदुर्गातली माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात जातात तेही चालेल. रोजची कामं होतायत, पण मन अडकलंय, भीती आहे, घरात पटत नाही, तर सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात करा. चुकीच्या दारात गेलात तर बिघडत नाही, योग्य दार दाखवणं हे दोघांचंही काम आहे. लांब जायला पैसे नसतील किंवा घरी सांगता येत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. काय बोलायचं सुचलं नाही तर चिठ्ठीत लिहिलंय तेच वाक्य वाचून दाखवा.

मेळावा संपल्यावर मी अर्धा तास पेटी आवरत तिथेच बसते. आवरायला पाच मिनिटंही लागत नाहीत.